हिरवं बटण

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आठवड्याचे पाच दिवस मारुंजीत राहायचे आणि दोन दिवस मुळशी धरणाच्या काठी, आमच्या गावात. मधला सगळा वेळ बसचा. पौडला बस बदलली की मला हमखास डुलकी लागायची, आणि जाग यायची तेव्हा क्षणभर कळायचं नाही की आपण घरी चाललोय की घरून निघालोय. खिडकीबाहेर भाताच्या खाचरांत आभाळ उतरलेलं असायचं. ढग एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सरकायचे, मधे बांध आला तरी त्यांची काही अडचण होत नसे. ते बघता बघता माझे डोळे परत मिटायचे. त्या वर्षाची माझी आठवणच अशी अर्धवट झोपेतली आहे. श्रावण आणि भाद्रपद तेवढे लख्ख आठवतात, कारण त्या दोन महिन्यांत माझं वर्ष जाता जाता राहिलं, आणि ज्यांच्यामुळे राहिलं त्यांच्याच अंगावर मी ओरडून आले होते.

मारुंजीत आम्ही दोघी एका खोलीत भाड्यानं राहायचो. रूममेट लातूरकडची, माझ्याच वर्गातली. आदल्या दसऱ्याला पूजेत लॅपटॉपला लावलेलं हळदकुंकू तिनं पुसलंच नव्हतं. कोड चालला नाही की ती खिडकीत उदबत्ती लावायची आणि चालला की चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवायची. मी तिची टर उडवायचे. आमच्यात नवस-बिवस नसतात, बुद्धाकडे काही मागायचं नसतं, असं मी तिला ऐटीत सांगायचे. खरं तर रनचं बटण दाबायच्या आधी मी ओठ न हलवता त्रिसरण, ‘बुद्धं सरणं गच्छामि’, म्हणून घ्यायचे. ते मी तिला कधी कळू दिलं नाही.

प्रोजेक्टचा माझा पहिला विषय सरांनी जुलैतच फेटाळला होता. दुसरा मला बसमध्ये सुचला. फोनचा कॅमेरा रोपावर धरायचा आणि फोननं सांगायचं, हे भात आहे की तण. सुचायचं कारण आईची कंबर. आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की काही दिवसांत बेणणी सुरू होते, म्हणजे वाकून, गुडघाभर चिखलात, एकेक तण हातानं काढणं. काही तणं भाताच्या रोपासारखीच दिसतात. नवखं माणूस तण ठेवतं आणि भात उपटतं. मी लहानपणी असा अख्खा कोपरा साफ केला होता, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव दांडगा होता. सरांना विषय पटला. पण त्यांनी बजावलं की सप्टेंबरातल्या रिव्ह्यूला हे चालून दाखवलं नाही तर टर्म मिळणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घरातून इंजिनिअर होणारी मी पहिलीच. वर्ष गेल्याचं घरी कसं सांगायचं, याची तालीम मी बसमध्ये मनात करून पाहायचे आणि पहिल्याच वाक्याला अडायचे.

यंत्राला ओळख शिकवायची तर हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येक फोटोबरोबर हे काय आहे ते सांगावं लागतं. फोटो मी काढले, चार रविवार, डोक्यावर इरलं आणि फोनला प्लॅस्टिकची पिशवी. पण त्यांतलं भात कुठलं आणि तण कुठलं, हे मला थोडंच कळत होतं? आईला एका नजरेत कळतं. म्हणून घरातल्या जुन्या फोनवर मी एक छोटं ॲप करून दिलं. एक फोटो दिसायचा, खाली दोन बटणं. तिच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, म्हणून बटणांवर अक्षरं नव्हती, नुसते रंग.

"हिरवं म्हणजे ठेवायचं, लाल म्हणजे काढायचं," मी सांगितलं. "एवढंच कर."

"एवढंच व्हय?" आई म्हणाली. "मंग दे हिकडं."

तिनं तीन आठवड्यांत सगळे फोटो संपवले. मी खूश. इतकं सोपं ॲप केल्याबद्दल मी स्वतःवरच जास्त खूश होते.

मग सुरू झाला डोक्याला ताप. यंत्र शिकेना. शंभर फोटो दाखवले की तीस-पस्तीस चुकायचे, आणि ते कुठले चुकतील याला काही ताळतंत्र नव्हतं. मी कोड बदलला, परत बदलला, जुना आणला. एका मंगळवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी एका कंसाच्या पाठीमागे होते, आणि तो कंस सापडल्यावर यंत्र आधीपेक्षा जास्त चुकायला लागलं. काल चालणारी गोष्ट आज का चालत नाही, याचं उत्तर देणारं माणूस मला अजून भेटायचंय. लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, समोरच्या रस्त्यावर टेम्पो रिव्हर्स घेताना पीं पीं करायचे, आणि मी पडद्याकडे बघत बसायचे. बघता बघता अक्षरं विरघळायची. पांढऱ्या पडद्यावर खाचरातलं पाणी दिसायचं, त्यात हिरव्या काड्या, आणि त्यांतली एकही ओळखू यायची नाही. रूममेटनं माझ्यासाठी वेगळी उदबत्ती लावून पाहिली. माझं त्रिसरण तीनदाचं सातदा झालं. फरक शून्य.

रिव्ह्यूला आठ दिवस राहिले तेव्हा मी गावी होते. रविवारची सकाळ, घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावलेली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पुटपुटत होते. आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"काय म्हनतीस?"

"काही नाही."

"सरणं म्हनून बटान दाबतीस व्हय?" ती हसली. "आगं, त्यो काय नवसाला पावत न्हाई. काय द्येत बी न्हाई. त्यो फकस्त बघाया सांगतो. नीट बघितलंस का?"

मला राग आला. दोन महिने मी दुसरं काय करत होते? पण ती रानात गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं की दोन महिन्यांत मी कोड शंभर वेळा बघितला होता आणि फोटो एकदाही नाही. फोटो आईनं बघितलेत म्हटल्यावर मी कशाला बघू.

मग मी फोटो उघडले. पुस्तक घेतलं, त्यात तणांची चित्रं होती, आणि एकेक ताडून बघायला बसले. पहिल्याच पन्नासात दहा-बारा सरळसरळ तणं हिरव्या बाजूला होती. ठेवायचं म्हणून. पुढेही तेच. यंत्र काही चुकत नव्हतं. त्याला जे शिकवलं होतं तेच गोंधळाचं होतं, आणि ते बिचारं त्यातून अर्थ लावायच्या खटपटीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो वर्षावासाचा काळ होता. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि कामावरून आलेल्या बायका हातपाय धुऊन तिथे जमतात. मी गेले तेव्हा वाचन संपून त्या उठायच्या बेतात होत्या. मी चपलाही नीट काढल्या नाहीत. लॅपटॉप उघडून आईपुढे धरला.

"हे काय केलंस तू? हे सगळं तण आहे. तण. आणि तू ठेव म्हणून सांगितलंस."

आई काही बोलायच्या आत विहाराशेजारी राहणारी आजी म्हणाली, "तिला कशाला बोलतीस? आमी समद्यांनी केलंय त्ये. वाचान झाल्यावर हितंच बसायचो, फोन मदी ठिवायचो."

अकरा बायका होत्या. माझी आई काल-परवापासून नव्हे, तीस वर्षांपासून ज्यांच्या शेजारी वाकून बेणणी करते त्या. मी त्यांना म्हणाले, "तुमचं आयुष्य गेलं शेतात. भात आणि तण एवढंही कळत नाही का तुम्हाला? माझं वर्ष घालवलंत तुम्ही."

आजीनं ग्रंथ कापडात गुंडाळला. बायका एकेक करून उतरल्या, माझ्या वाटेतल्या चपला पायानं बाजूला करून. घरी येताना आई माझ्या पुढे चालत होती. रोज ती मागे वळून बघते. त्या दिवशी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मारुंजीला गेले नाही. पहाटेच्या धुक्यात आई रानात निघाली तशी मीही निघाले. धरणावर धुकं इतकं खाली आलं होतं की पाणी कुठं संपतं आणि खाचर कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. आम्ही एका ओळीत वाकलो. मी तिचे हात बघत राहिले. ते थांबत नव्हते, पण सगळं काढतही नव्हते. एक तण, दुसरं तण, मग एक सोडून पुढे. मधे एक भाताचं रोप कलंडलेलं होतं, ते बोटानं सरळ केलं. पुन्हा दोन काढली, एक सोडलं. हे मी वीस वर्षं बघत आलेय आणि मला कधी दिसलं नव्हतं.

"हे का सोडलंस?" मी विचारलं.

ती बोलली, पण वाकलेलीच.

"ह्यो माका हाय. लहान व्हतीस तवा तुज्या केसांना त्येल कशाचं लावत हुते म्या? आन ती नळीची भाजी. उद्या मोठी झाली की खुडायची. तू काय इचारलं हुतंस? ठेवायचं का काढायचं. जे खातो, लावतो, त्ये कोन काढतं?"

मी चिखलात उभी राहिले. मग मला एक आठवलं. आदल्या दिवशी सापडलेला एक फोटो माझ्या फोनमध्ये होता. त्यात माकाही नव्हता, भाजीही नव्हती. शुद्ध तण, पुस्तकात पहिल्या पानावर छापलेलं. तेही हिरव्यात होतं. मी तो तिच्यापुढे धरला.

आईनं फोन हातात घेतला नाही. वाकून बघितलं. "त्येच्या पात्यावर चतुर बसलाय की," ती म्हणाली. "दिसत न्हाई व्हय तुला?"

मी फोटो मोठा केला. पात्याच्या टोकाला, पंख आडवे पसरून, एक चतुर होता. इतका बारीक की मी काढताना आणि तपासताना, दोन्ही वेळा मला तो दिसला नव्हता.

"पण आई, हा फोटो आहे. तो चतुर केव्हाच उडून गेला असेल."

"त्ये काय आमाला म्हाईत न्हाई? लई वाद झाला त्यावर. दोघी म्हनल्या दाबा लाल, चित्र हाय नुसतं. पर आत्ताच पंचशील घेऊन बसल्यालो. जिवाला इजा करनार न्हाई म्हनून तोंडानं म्हनलो, आन लगीच लाल बटान? हातच जाईना कुनाचा."

मला रडू आलं, आणि रडू येतं तेव्हा मी नेहमी वाद घालते. मी म्हणाले, "मग खेकडे पकडून कालवण करता तेव्हा?"

"त्यो भुकंचा इषय हाय," आई म्हणाली. "त्येच्यावर बी वाद हाय. त्यो अजून मिटला न्हाई."

तिच्या तोंडावर हसू आलं होतं की नाही, धुक्यात दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी विहारात गेले. वंदना झाली, वाचन झालं, मी मागे बसून सगळं ऐकलं. मग पुढे जाऊन हात जोडले आणि म्हणाले की माझं चुकलं. तुम्ही दिलेली उत्तरं बरोबर होती, मी विचारलेलं चुकलं होतं. आणि मी तुम्हाला जे बोलले त्याला माफी नाही, तरी मागते. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला तोंड पायजेच. दे त्यो फोन हिकडं." मी फोन मधे ठेवला. यावेळी बटणं नवी होती, प्रश्न एकच: यातलं भात आहे का, हो किंवा नाही. चतुर असो, माका असो, काढायचं-बिढायचं काही नाही. त्यांनी डोळे झाकून सांगावं तसं सांगितलं. तीन संध्याकाळींत सगळे फोटो पुन्हा झाले. चिखलानं भेगाळलेली बोटं पडद्यावर नीट उमटायची नाहीत, मग त्या बोट पदराला पुसून पुन्हा दाबायच्या.

अकराही जणी दाबत होत्या. आई भिंतीला टेकून बसलेली. पहिल्या दिवशी मी फोन तिच्यापुढे केला तेव्हा ती म्हणाली, "मला नगं. माजं चुकतं."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. ती खरंच तसं समजून म्हणाली. तिन्ही दिवस तिनं फोनला हात लावला नाही.

मारुंजीला परत आल्यावर यंत्र एका दुपारी शिकलं. कोडची एकही ओळ न बदलता. रूममेटनं माझ्या हातावर साखर ठेवली आणि मी ती मुकाट खाल्ली. अहवालात आभाराचं एक पान असतं, ते सगळेजण आदल्या वर्षीच्या मुलांकडून जसंच्या तसं उचलतात. मी उचललेल्या पानात तर दुसऱ्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार होते. ते पान मी काढून टाकलं आणि पुन्हा लिहायला बसले. अकरा बायकांचे आभार लिहिले. आईचे लिहिताना मात्र शब्द जमेनात. तिचं चुकतं असं तिला मीच शिकवलं होतं, अकरा जणींसमोर, आणि त्या यंत्रासारखंच तिनंही ते शिकून घेतलं होतं. छापील पानावर आभार मानून ते कसं पुसणार?

रिव्ह्यूच्या दिवशी मी गावाहून थेट कॉलेजात गेले. बरोबर घमेलं होतं, आमच्या उशिरा लावलेल्या खाचरातली रोपं आणि तणं चिखलासकट उचलून भरलेली. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले. सरांनी स्वतः फोन धरला, एकेका काडीवर. भात, भात, तण, भात, तण. एकदा चुकलं, बाकी सगळं बरोबर आलं. सरांनी आभाराचं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं आणि सही केली. टर्म मिळाली. माझा जीव भांड्यात पडला.

"चला, छान," ते म्हणाले. "आता ते घमेलं बाहेर कुंपणापाशी रिकामं कर."

कुंपणापाशी गेले. तिथे डांबर, खडी आणि कडक ऊन. घमेलं कलतं करणार तेवढ्यात एका तणाच्या बुडाशी गोगलगाय दिसली. शेंगदाण्याएवढी. सकाळपासून माझ्याबरोबर दोन बस बदलून आली होती आणि तिला प्रोजेक्टचं काही सोयरसुतक नव्हतं. मी घमेलं सरळ केलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "ताई, रोपं इकायला न्हेताय का?"

"नाही, परत नेतेय," मी म्हणाले.

त्या दिवशी मला डुलकी लागली नाही. मी गोगलगाईकडे बघत होते. पौडच्या पुढे उजेड तिरका झाला, खाचरांत पुन्हा ढग आले, आणि ती शिंगं बाहेर काढून तणाच्या पात्यावर चढायला लागली. मी तिचा फोटो काढला. रिव्ह्यूला दाखवायला नेलेला घरातला जुना फोन माझ्याच पिशवीत होता. त्यातलं पहिलं ॲप, लाल आणि हिरव्या बटणाचं, मी अजून पुसलं नव्हतं. फोटो त्यात घातला.

आई खाचरात होती. मी बांधावर घमेलं ठेवलं.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं. पास."

तिनं मान हलवली, डोळे पुसले, मग घमेल्यात वाकून बघितलं. "आन ह्ये कशाला माघारी आनलंस?"

मी जुना फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर तण होतं, तणावर गोगलगाय, आणि खाली दोन बटणं.

"सांग," मी म्हणाले. "मला येत नाही."

ती फोटोकडे बघत राहिली. पाण्यावरून वारा आला, भात एका बाजूला झुकलं आणि परत उभं राहिलं. मग तिनं चिखलाचा हात पदराला नीट पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि हिरवं बटण दाबलं.